त्रिपदीची फोड आणि मेंदूची पाटी

दहावीची परीक्षा जवळ आली की बाह्यरुग्ण विभागात एका ठरावीक वयाची मुले दिसू लागतात. पोटात दुखते, डोके जड वाटते, झोप लागत नाही, सकाळी मळमळते. रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळे ठीक निघते. मग पालकांना जरा बाहेर बसवून मुलाशी बोलले, की कुठल्या तरी विषयाचे नाव पुढे येते. अनेकदा तो विषय गणित असतो.

गणितातही मुले सगळीकडे सारखी अडखळत नाहीत. बेरीज-वजाबाकी, टक्केवारी इथपर्यंत गाडी बरी चालते. अडखळण्याच्या ज्या ठळक जागा आहेत, त्यांत वर्ग त्रिपदीचे अवयव ही एक मोठी जागा आहे. आठवीत हा पाठ येतो आणि दहावीत वर्गसमीकरणांच्या रूपाने पुन्हा समोर उभा राहतो. पहिल्या वेळी ज्याचा पाया कच्चा राहिला, त्याला दुसऱ्या वेळी धाप लागते. ‘याला डोकेच नाही’ असा शिक्का मारून घरचे मोकळे होतात. पण या अडखळण्याचा संबंध बुद्धीपेक्षा जास्त एका वेगळ्याच गोष्टीशी आहे. मेंदू एका वेळी किती गोष्टी हातात धरू शकतो, ही ती गोष्ट. ती समजली की अवयव पाडण्याच्या पद्धती कशासाठी आहेत, हेही समजते.

चौकोनाचे क्षेत्रफळ, उलट्या दिशेने

क्ष² + ९क्ष + २० ही एक वर्ग त्रिपदी. तीन पदे, त्यांतले एक वर्गाचे. तिचे अवयव पाडायचे म्हणजे दोन कंस असे शोधायचे, की त्यांचा गुणाकार केला तर हीच त्रिपदी परत मिळेल.

कागदावर एक आयत काढावा. एक बाजू क्ष + ४, दुसरी बाजू क्ष + ५. एक आडवी आणि एक उभी रेघ मारून त्याचे चार कप्पे करावेत. पहिल्या कप्प्याचे क्षेत्रफळ क्ष², दुसऱ्याचे ५क्ष, तिसऱ्याचे ४क्ष आणि चौथ्याचे २०. मधले दोन कप्पे एका जातीचे, म्हणून ते मिळून ९क्ष होतात. गुणाकार करताना आपण बाजू घेऊन क्षेत्रफळ काढतो. अवयव पाडताना क्षेत्रफळ हातात असते आणि बाजू शोधायच्या असतात. म्हणूनच हे काम उलट्या दिशेचे आणि जास्त कठीण वाटते. लक्षणावरून रोग ओळखणे जसे रोगावरून लक्षणे सांगण्यापेक्षा अवघड असते, तसेच हे.

या आयतातच पहिली पद्धत दडलेली आहे. शेवटचे पद २० म्हणजे दोन संख्यांचा गुणाकार. मधल्या पदाचा सहगुणक ९ म्हणजे त्याच दोन संख्यांची बेरीज. तेव्हा २० च्या जोड्या लिहाव्यात: १ आणि २०, २ आणि १०, ४ आणि ५. कोणत्या जोडीची बेरीज ९? चार आणि पाच. झाले अवयव: (क्ष + ४)(क्ष + ५).

मुले चुकतात ती चिन्हांत. तिथे दोनच नियम पुरतात. शेवटचे पद धन असेल तर दोन्ही संख्यांचे चिन्ह एकच असते, आणि ते मधल्या पदासारखे असते. म्हणून क्ष² − ९क्ष + २० चे अवयव (क्ष − ४)(क्ष − ५). शेवटचे पद ऋण असेल तर दोन संख्या विरुद्ध चिन्हांच्या असतात. तेव्हा बेरजेऐवजी फरक शोधायचा, आणि मोठ्या संख्येला मधल्या पदाचे चिन्ह द्यायचे. क्ष² + क्ष − २० चे अवयव (क्ष + ५)(क्ष − ४), तर क्ष² − क्ष − २० चे (क्ष − ५)(क्ष + ४). चारही उदाहरणांत आकडे तेच, ४ आणि ५. फक्त चिन्हांनी जागा बदलल्या.

मधले पद का फोडायचे?

क्ष² च्या आधी १ ऐवजी दुसरी संख्या आली की अनेकांचे हातपाय गळतात. उदाहरणार्थ ६क्ष² + ११क्ष − ३५. इथे शाळेत शिकवली जाणारी पद्धत म्हणजे मधल्या पदाची फोड. पहिल्या आणि शेवटच्या सहगुणकांचा गुणाकार करायचा: ६ × ३५ = २१०, चिन्ह ऋण. आता गुणाकार २१० आणि फरक ११ असलेली जोडी हवी.

जोड्या क्रमाने लिहिल्या तर त्या अशा येतात: १ आणि २१०, २ आणि १०५, ३ आणि ७०, ५ आणि ४२, ६ आणि ३५, ७ आणि ३०, १० आणि २१, १४ आणि १५. फरक अनुक्रमे २०९, १०३, ६७, ३७, २९, २३, ११, १. फरक सारखा उतरत जातो. त्यामुळे अंधारात चाचपडायची गरज नाही. हवा तो फरक आला की थांबायचे, आणि तो ओलांडून पुढे गेलो तर पूर्णांकांत अशी जोडीच नाही, हेही तिथेच कळते. इथे २१ आणि १० ही जोडी मिळाली. मधले पद धन, म्हणून मोठी संख्या धन.

६क्ष² + २१क्ष − १०क्ष − ३५
= ३क्ष(२क्ष + ७) − ५(२क्ष + ७)
= (२क्ष + ७)(३क्ष − ५)

पण पहिल्या आणि शेवटच्या पदांचा गुणाकारच का घ्यायचा? हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो आणि त्याहून क्वचित त्याचे उत्तर मिळते. उत्तर मात्र छोटे आहे. समजा कंस (मक्ष + न) आणि (पक्ष + र) असे आहेत. आयताचे चार कप्पे भरले तर पहिल्यात मप, मधल्या दोघांत मर आणि नप, शेवटच्यात नर हे सहगुणक येतात. आता मधल्या दोघांचा गुणाकार करा: मर × नप. त्यात म, न, प, र ही चारही अक्षरे आली. पहिल्या आणि शेवटच्याचा गुणाकार करा: मप × नर. पुन्हा तीच चार अक्षरे. म्हणजे तिरकस समोरासमोरच्या कप्प्यांचे गुणाकार नेहमी सारखेच असणार. मधल्या दोन तुकड्यांची बेरीज माहीत असते, गुणाकार कडेच्या पदांवरून मिळतो. सगळी युक्ती एवढीच.

हे एकदा कळले की ‘नियम’ पाठ करावा लागत नाही. पाठ केलेला नियम परीक्षेच्या ताणात विसरतो. कारण कळलेली गोष्ट कागदाच्या कोपऱ्यात पुन्हा उभी करता येते.

दोन सवयी इथे फार उपयोगी पडतात. पहिली, सुरुवातीलाच सामाईक अवयव बाहेर काढणे. १२क्ष² + २२क्ष − ७० पाहून ८४० च्या जोड्या शोधत बसण्यापेक्षा २ बाहेर काढला की आत हीच आपली जुनी त्रिपदी उरते. दुसरी, उत्तर आल्यावर क्ष = १ ठेवून पडताळा घेणे. मूळ त्रिपदीत ६ + ११ − ३५ म्हणजे −१८. कंसांत ९ × (−२) म्हणजे −१८. जुळले. प्रत्येक चूक या पडताळ्यात पकडली जाईल असे नाही, पण चिन्हांचे बहुतेक घोटाळे अर्ध्या मिनिटात उघडे पडतात.

जोडी सापडत नाही तेव्हा

क्ष² + ४६क्ष + ५१३ समोर आले तर? ५१३ ची जोडी चटकन कुणालाच आठवत नाही. इथे चार हजार वर्षांपूर्वीची एक वाट कामाला येते. बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर अशी गणिते आहेत, ज्यांत आयताच्या बाजूंची बेरीज आणि क्षेत्रफळ दिलेले असते आणि बाजू काढायच्या असतात. त्यांची रीत अशी: बेरजेचे निम्मे करा. बेरीज ४६, निम्मे २३. दोन्ही संख्या समान असत्या तर त्या २३ आणि २३ असत्या. तशा त्या नाहीत, म्हणून एक २३ पेक्षा जितकी जास्त, दुसरी तितकीच कमी. त्यांचा गुणाकार २३ च्या वर्गातून त्या फरकाचा वर्ग वजा करून मिळतो. २३ चा वर्ग ५२९. त्यातून ५१३ गेले, उरले १६. वर्गमूळ ४. म्हणून संख्या १९ आणि २७. अवयव (क्ष + १९)(क्ष + २७). अंदाज नाही, शोधाशोध नाही. अमेरिकेतील गणितज्ञ पो-शेन लो यांनी २०१९ मध्ये हीच वाट शाळकरी मुलांसाठी नव्या मांडणीत पुढे आणली आणि ती जगभर चर्चेत आली.

भारतीय गणितात वर्गसमीकरणाला एक फार अर्थपूर्ण नाव होते, मध्यमाहरण. मधले पद काढून टाकणे. श्रीधराचार्यांची रीत अशी, की दोन्ही बाजूंना वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणावे, मग मधल्या सहगुणकाचा वर्ग मिळवावा. डावी बाजू आपोआप पूर्ण वर्ग होते आणि मधले पद त्या वर्गात विरघळून जाते. श्रीधराचार्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. ही रीत टिकली ती भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात आपल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात ती त्यांच्या नावाने नोंदवली म्हणून. त्याच भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे सापडला. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने तिथे मठ स्थापल्याची त्यात नोंद आहे. हा लेख एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला तो मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी, म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडलेल्या एका डॉक्टराने.

या रीतीतूनच विवेचक मिळतो: ब² − ४अक. दहावीची मुले तो सूत्राचा भाग म्हणून पाठ करतात. पण त्याचा खरा उपयोग तपासणीसारखा आहे. शस्त्रक्रियेआधी जशी चाचणी करतात, तसा जोड्या शोधण्याआधी विवेचक काढावा. ६क्ष² + ११क्ष − ३५ मध्ये तो १२१ + ८४० = ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. विवेचक पूर्ण वर्ग निघाला की अवयव नक्की पडतात, बिनधास्त शोधावेत. क्ष² + ९क्ष + १६ मध्ये तो ८१ − ६४ = १७. पूर्ण वर्ग नाही. म्हणजे इथे कितीही वेळ जोड्या शोधल्या तरी पूर्णांकांची जोडी मिळणार नाही, सूत्राकडे जावे. क्ष² + ४क्ष + ५ मध्ये तो −४. ऋण विवेचक म्हणजे वास्तव संख्यांत मुळेच नाहीत. जे नाही ते शोधण्यात दहा मिनिटे घालवून घाबरलेल्या मुलाला या एका ओळीने केवढा दिलासा मिळतो!

आणखी एक सापळा. अवयव पाडून समीकरण सोडवताना उजवीकडे शून्यच हवे. (क्ष − ४)(क्ष − ५) = ० असेल तर दोन्हींपैकी एक कंस शून्य असलाच पाहिजे, कारण शून्याखेरीज दोन संख्यांचा गुणाकार शून्य होत नाही. पण उजवीकडे २ असेल तर ‘क्ष − ४ = २’ असे लिहिता येत नाही. आधी २ डावीकडे आणायचा: क्ष² − ९क्ष + १८ = ०. मग (क्ष − ३)(क्ष − ६) = ०. उत्तर ३ किंवा ६.

पाटीवर किती मावते?

आता मेंदूकडे वळू. आलेली माहिती काही सेकंद धरून ठेवून तिच्यावर काम करणारी जी क्षमता, तिला वर्किंग मेमरी म्हणतात. मराठीत तिला कामाची पाटी म्हणता येईल. ही पाटी लहान असते. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सात, दोन कमी किंवा जास्त, असा आकडा सांगितला. २००१ मध्ये नेल्सन कोवान यांनी पुराव्यांचा आढावा घेऊन तो चारच्या आसपास आणला.

६क्ष² + ११क्ष − ३५ तोंडी सोडवू पाहणाऱ्या मुलाच्या पाटीवर काय काय असते ते मोजून पाहा. गुणाकार २१०. त्याचे चिन्ह ऋण. हवा असलेला फरक ११. आतापर्यंत कोणत्या जोड्या तपासल्या. आत्ताची जोडी कोणती. आणि मूळ त्रिपदी. सहा गोष्टी झाल्या. त्यात पाढे पक्के नसतील तर २१० ला ७ ने भाग जातो का, हेही त्याच पाटीवर सोडवायचे. पाटी भरते, जुने पुसले जाते, मूल म्हणते, ‘मला काही सुचत नाही.’ ते खरेच सांगत असते.

जोड्या कागदावर क्रमाने लिहिणे, चार कप्प्यांचा आयत काढणे, विवेचक आधी तपासणे या सगळ्यांचा गुण एकच: पाटीवरचा भार कागदावर उतरतो. हुशार मुले हे सगळे मनात करतात, असे समजून कमी लिहिण्याची फुशारकी मारली जाते. सुरुवातीच्या शिक्षणात ती महाग पडते. पाढ्यांचेही तसेच. पाठ असलेला पाढा दीर्घकालीन स्मृतीतून आयता येतो, त्यासाठी पाटीवर जागा लागत नाही. मेंदूच्या प्रतिमांच्या अभ्यासांत दिसले आहे, की आकडेमोडीचा सराव झाला की कपाळामागच्या भागातली धावपळ कमी होते आणि मेंदूच्या डाव्या बाजूचा, आठवणीतून उत्तर काढणारा भाग पुढे येतो.

आता या पाटीवर भीती येऊन बसली की काय होते? मार्क ॲशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांच्या २००१ मधील प्रयोगांत दिसले, की गणिताची धास्ती असलेल्यांची वर्किंग मेमरी आकड्यांचे काम करताना कमी पडते. धास्तीचे विचार स्वतःच पाटीवर जागा अडवतात. ‘हे मला येणार नाही’, ‘आई काय म्हणेल’, ‘वेळ संपत आली’ ही वाक्ये ११ आणि २१० च्या शेजारी बसून त्यांना ढकलून देतात. २०१२ मध्ये इयन लायन्स आणि शियन बायलॉक यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. धास्ती असलेल्या व्यक्तींमध्ये गणित आता येणार या चाहुलीनेच शारीरिक वेदनेशी संबंधित मेंदूचे भाग उद्दीपित झाले. प्रत्यक्ष गणित करताना मात्र तसे दिसले नाही. म्हणजे दुखते ते गणित नव्हे, गणिताची वाट पाहणे. परीक्षेच्या सकाळी पोटात गोळा येणाऱ्या मुलाचे दुखणे नाटक नसते, हे पालकांनी यावरून समजून घ्यावे.

रक्तातली त्रिपदी

‘पण याचा आयुष्यात उपयोग काय?’ हा प्रश्न मुले हमखास विचारतात. एक उत्तर गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट या भागांतल्या रक्ततपासणीच्या टेबलावर आहे.

सिकलसेल हा आनुवंशिक आजार या भागांतल्या आदिवासी समाजांत आढळतो. प्रत्येकाला हिमोग्लोबिनच्या या जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. दोन्ही सदोष असतील तर आजार होतो. एकच सदोष असेल तर ती व्यक्ती वाहक असते. तिला सहसा काही त्रास नसतो, पण सदोष प्रत मुलाकडे जाऊ शकते. समाजातल्या एकूण प्रतींपैकी निरोगी प्रतींचे प्रमाण ‘नि’ आणि सिकल प्रतींचे ‘सि’ मानू. आईकडून एक, वडिलांकडून एक, म्हणजे पुन्हा तोच चार कप्प्यांचा आयत:

(नि + सि)² = नि² + २·नि·सि + सि²

पहिला कप्पा निरोगी, मधले दोन वाहक, शेवटचा आजारी. ही पूर्ण वर्ग त्रिपदी आहे, शाळेत पाठ केलेल्या सूत्राचीच. १९०८ मध्ये केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी आणि जर्मनीतील स्टुटगार्टचे डॉक्टर विल्हेल्म वाइनबर्ग या दोघांनी स्वतंत्रपणे तिचा हा उपयोग दाखवला. हार्डींकडे हा प्रश्न नेला होता तो त्यांच्याबरोबर क्रिकेट खेळणाऱ्या रेजिनाल्ड पनेट यांनी. जनुकांचा चार कप्प्यांचा चौकोन आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

समजा एखाद्या समाजात दर १०० बाळांमागे १ बाळ सिकलसेलग्रस्त जन्मते. म्हणजे सि² = ०.०१, म्हणून सि = ०.१ आणि नि = ०.९. मधले पद २ × ०.९ × ०.१ = ०.१८. शंभरात आजारी एक, पण वाहक अठरा! जोडीदाराची निवड या जनुकाशी संबंध न ठेवता होते, असे यात गृहीत आहे. प्रत्यक्षात नात्यांत किंवा लहान समूहात लग्ने होत असतील तर आकडे थोडे बदलतात. पण मुद्दा तोच राहतो. आजारी दिसणाऱ्यांपेक्षा न दिसणारे वाहक कितीतरी पट असतात, आणि ते त्रिपदीच्या मधल्या पदात लपलेले असतात. म्हणूनच केवळ रुग्ण शोधून भागत नाही, सरसकट तपासणी करावी लागते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणीवर भर आहे तो याच कारणाने. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गर्भारपणात बाळ आजारी असण्याची शक्यता चारात एक. लग्नाआधी किंवा गर्भधारणेआधी चाचणी आणि समुपदेशन झाले तर जोडप्याला विचारपूर्वक निर्णय घेता येतो.

सगळ्याच त्रिपदी इतक्या सरळ नसतात. कर्करोगावरील किरणोपचारात एकूण मात्रा लहान भागांत विभागून देतात. प्रत्येक भागाचा जैविक परिणाम मात्रेच्या पहिल्या आणि दुसऱ्या घातावर अवलंबून असतो. २ ग्रेचे ३० भाग देण्याऐवजी २० भागांत तेवढाच परिणाम साधायचा तर प्रत्येक भाग केवढा हवा, हे काढताना अनेक प्रकारच्या गाठींसाठी साधारणपणे वापरले जाणारे गुणोत्तर घेतले तर समीकरण येते: द² + १०द − ३६ = ०. विवेचक २४४, पूर्ण वर्ग नाही. जोड्या शोधून उपयोग नाही. सूत्राने उत्तर येते सुमारे २.८१ ग्रे, दुसरे उत्तर ऋण, ते सोडून द्यायचे, कारण ऋण मात्रा नसते. प्रत्यक्ष उपचारात निरोगी पेशींवरचा परिणाम आणि इतर बऱ्याच गोष्टी पाहून तज्ज्ञ मात्रा ठरवतात. पण त्या हिशेबाच्या मुळाशी दहावीचे हेच वर्गसमीकरण असते.

घरी आणि शाळेत

सराव कसा करावा, याविषयी काही गोष्टी प्रयोगांतून स्पष्ट झाल्या आहेत. नवशिक्या मुलाला लगेच वीस उदाहरणे सोडवायला देण्यापेक्षा आधी काही पूर्ण सोडवलेली उदाहरणे नीट वाचायला द्यावीत. जॉन स्वेलर आणि ग्रॅहॅम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावरच हे दाखवले होते. एक सोडवलेले वाचावे, लगेच तसेच एक स्वतः करावे. प्रत्येक पायरीला ‘हे का केले?’ असे स्वतःला विचारावे.

पाया झाला की उदाहरणे मिसळावीत. पुस्तकातल्या एका सरावसंचात सगळी एकाच पद्धतीची असतात, त्यामुळे पद्धत निवडण्याचा सराव होतच नाही. परीक्षेत नेमके तेच करावे लागते. सामाईक अवयव, पूर्ण वर्ग, साधी जोडी, मधल्या पदाची फोड, सूत्र अशी पाच प्रकारची दोन-दोन उदाहरणे चिठ्ठ्यांवर लिहून गोळा करून एकेक उचलावी. सरावाच्या वेळी हे अवघड वाटते, चुका जास्त होतात. पण काही दिवसांनी घेतलेल्या चाचणीत अशा मिसळीच्या सरावाचा फायदा दिसतो. रोज वीस मिनिटे हे रविवारी सलग तीन तासांपेक्षा बरे. आणि रात्रीची झोप कापू नये. दिवसा शिकलेले पक्के होण्याच्या कामात झोपेचा मोठा वाटा असतो.

पालकांसाठी एक पथ्य. ‘मलाही गणित कधी आले नाही’ हे वाक्य मुलासमोर बोलू नये. २०१५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिली-दुसरीच्या मुलांची पाहणी झाली. ज्या पालकांना स्वतःला गणिताची धास्ती होती आणि जे अभ्यासात वारंवार मदत करत होते, त्यांची मुले वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांची धास्ती वाढली. स्वतःला भीती वाटत असेल तर शिकवण्याचे काम शिक्षकांवर, मोठ्या भावंडांवर किंवा मित्रावर सोपवावे. शेजारी बसून चहा प्यावा, तेवढे पुरते.

काही मुलांची अडचण मात्र वेगळी असते. संख्यांची जाणच कच्ची राहते, चौथी-पाचवीतही बोटांवर मोजावे लागते, घड्याळ आणि सुटे पैसे यांत गोंधळ होतो, इतर विषय मात्र बरे असतात. हा डिसकॅल्क्युलिया असू शकतो. साधारण ३ ते ७ टक्के मुलांत तो आढळतो, असे मानले जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. रीतसर तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळाले तर परीक्षेत सवलती मिळतात. ही तपासणी परीक्षेच्या महिनाभर आधी धावपळ करून करायची नसते. शंका आली त्याच वर्षी करावी. अशा मुलाला ओरडून किंवा शिकवण्यांची संख्या वाढवून उपयोग होत नाही.

आणि ज्याचे दुखणे केवळ परीक्षेपुरते आहे, त्याच्यासाठी पेपरातली पहिली पाच मिनिटे महत्त्वाची. त्रिपदी दिसली की थेट जोड्यांच्या मागे धावू नये. लांब श्वास सोडावा. सामाईक अवयव आहे का पाहावे. विवेचक काढावा. जोड्या एकाखाली एक लिहाव्यात. उत्तरात क्ष = १ ठेवून पाहावे. पाच पायऱ्या, सगळ्या कागदावर. मेंदूची पाटी मोकळी राहिली की तीच त्रिपदी, तोच मुलगा किंवा मुलगी, आणि उत्तर बरोबर येते.